पहिला क्रमांक आला, आता पुढे काय?

केंद्र सरकारचे विज्ञान-तंत्रज्ञान खाते आणि शिक्षण खाते सांभाळणाऱ्या माननीयांस,



तालुक्याच्या गावी माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. जळालेल्या पाणबुडी मोटारी उघडायच्या, नवे वाइंडिंग भरून द्यायचे, हा धंदा. आपला-माझा संबंध एवढाच, की दिवाळीची सुट्टी संपली की विज्ञान प्रदर्शनाची मुले दुकानात येऊ लागतात. कुणाला तांब्याची तार हवी असते, कुणाला चुंबक, कुणाला जुना रिले. कोणती प्रतिकृती मुलाने केली, कोणती वडिलांनी आणि कोणती शहरातून तयार आली, हे मला परीक्षकांच्या आधी कळते. तयार आणणारा माझ्याकडे फिरकत नाही.

दोन वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी आली. तिच्या वडिलांची मोटार एकाच उन्हाळ्यात दोनदा जळाली होती आणि दोन्ही वेळा मीच भरून दिली होती. वीज रात्री-अपरात्री येते, म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो लावून झोपतो. विहिरीतले पाणी सरते, मोटार कोरडीच फिरत राहते आणि सकाळी माझ्या दुकानात येते. विहिरीत सोडायच्या दोन तारा, एक ट्रान्झिस्टर आणि माझ्याकडचा एक रिले एवढ्यावर तिने जुळणी केली. पाणी तारांखाली गेले की मोटार बंद. असली उपकरणे बाजारात मिळतात, हे मी तिला सांगितले. तिने किंमत विचारली. ऐकून म्हणाली, “मग माझेच बरे.”

तिला जिल्ह्यात पहिला क्रमांक मिळाला. मी मुद्दाम गेलो होतो. उद्घाटनाचे पाहुणे अडीच तास उशिरा आले, शाल-श्रीफळ झाले, फोटो झाले. परीक्षक तिच्या टेबलाशी जेमतेम दोन मिनिटे थांबले आणि ‘चार्ट छान काढलाय’ म्हणून पुढे गेले. तारांबद्दल एकही प्रश्न नाही. जिल्हा कोणता ते लिहीत नाही. परतताना एसटीत ट्रॉफी मांडीवर घेऊन तिने विचारले, “काका, आता पुढे काय?” मला उत्तर आले नाही. ते आपल्याकडे असायला हवे, म्हणून हे पत्र.

‘इन्स्पायर-मानक’ ही योजना आपलीच. सहावीपासूनच्या मुलांकडून वर्षाला दहा लाख कल्पना मागवायच्या, त्यांतून एक लाख निवडून प्रत्येकाच्या बँक खात्यात 10,000 रुपये जमा करायचे, पुढे 10,000 मुले राज्य पातळीवर, 1,000 राष्ट्रीय पातळीवर आणि शेवटी 60, अशी तिची रचना. पैसे थेट मुलाच्या खात्यात जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. शेवटी साठच उरतात, याबद्दलही तक्रार नाही. कुस्तीत तरी गदा एकालाच मिळते. पण हरलेल्या पैलवानाला दुसऱ्या दिवशी पहाटे तालीम असते, वस्ताद असतो, खुराक असतो. जिल्ह्यात जिंकून राज्यात मागे पडलेल्या मुलाची तालीम कोणती आणि वस्ताद कोण, हे आपण कुठे लिहून ठेवले आहे काय?

होत्या त्या वाटाही आपणच बंद केल्या. 1963 पासून चाललेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा मार्च 2021 नंतर थांबली. ती मराठीतून देता येत असे. खेड्यातला मुलगा तिच्या जोरावर बारावीच्या पुढेपर्यंत शिष्यवृत्ती घेत असे. थांबवताना आपण नव्या स्वरूपाचा विचार चालू असल्याचे सांगितलेत. त्या काळात आठवीत असलेली मुले आता महाविद्यालयात आहेत. तो विचार कुठवर आला?

दुसरी वाट किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेची, 1999 पासूनची. तिच्यातून मुले थेट बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि पुण्याच्या आयसरसारख्या ठिकाणी पोचत. तिची परीक्षा मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीत. ती इतर भाषांत का नाही, असा प्रश्न 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि परीक्षा लांबणीवर पडली. मे 2022 मध्ये ती एकदाची झाली आणि त्यानंतर ती योजनाच ‘इन्स्पायर’मध्ये विलीन झाली. योगायोग असेल. पण मुलांनी दार आपल्या भाषेत उघडा म्हटले आणि पुढच्याच वर्षी दाराच्या जागी भिंत दिसली, तर त्यांनी काय समजावे?

आता विज्ञान शिकणाऱ्यांसाठी उरली ती वर्षाला 80,000 रुपयांची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती. ती मिळवायची तर बारावीला आपल्या मंडळात वरच्या एक टक्क्यात यावे लागते, नाहीतर जेईई-नीटमध्ये वरचा क्रमांक किंवा ऑलिंपियाडचे पदक लागते. जिल्हा प्रदर्शनातल्या पहिल्या क्रमांकाला त्या यादीत जागा नाही. म्हणजे नववीत आपण तिला म्हणता, पाठांतर सोड, हाताने काहीतरी कर. बारावीत म्हणता, हाताने केलेले राहू दे, मार्क दाखव. दोन्ही वेळा बोलणारे आपणच. माझ्या दुकानात एकाच मोटारीला दोन कारागिरांनी उलटसुलट जोडले, तर ती जळते.

29 जुलै 2020 रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केलेले राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मी मुद्दाम मिळवून वाचले. ऑलिंपियाड आणि स्पर्धा शाळेपासून राष्ट्रापर्यंत सलग पायऱ्यांनी व्हाव्यात, त्या ग्रामीण भागात आणि प्रादेशिक भाषांत पोचाव्यात, आयआयटी-एनआयटींनीही प्रवेश देताना ऑलिंपियाड आणि इतर राष्ट्रीय उपक्रमांतली कामगिरी धरावी, असे त्यात आहे. आम्ही मागितले नव्हते, आपणच लिहिलेत. ऑलिंपियाडच्या मोजक्या मुलांसाठी काही आयआयटींनी दार किलकिले केले आहे, हे खरे. पण ते ऑलिंपियाड. एसटीने प्रतिकृती घेऊन जिल्ह्याला जाणाऱ्या मुलीसाठी धोरणातली सलग पायरी कोणत्या गावात बांधली, ते सांगाल का? जाऊन बघून येईन, तिकीट माझे.

भारतीय विज्ञान काँग्रेसची वाटही अशीच बंद झाली. जानेवारी 2023 मध्ये तिचे 108 वे अधिवेशन नागपूरला भरले. मुलांसाठी तिथे बाल विज्ञान काँग्रेसही होती. त्याच वर्षी आपल्या खात्याने आर्थिक अनियमिततेचे कारण देऊन संघटनेचा हात सोडला आणि 2024 चे अधिवेशन भरलेच नाही. हिशेबात घोळ असेल तर पकडाच. पण भांडण मोठ्यांचे, आणि मांडव उतरला तो मुलांचाही.

2025 च्या अर्थसंकल्पात आपण सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत 50,000 अटल टिंकरिंग लॅब जाहीर केल्या. आनंद आहे. तिथे सोल्डरिंग गन धरून मुलांशेजारी कोण बसणार आहे, एवढे कळवा. जनगणना, निवडणूक आणि पोर्टलवरची माहिती भरून उरलेला विज्ञान शिक्षक, असे उत्तर असेल तर ते मला आधीच ठाऊक आहे.

डॉ. जयंत नारळीकर मुलांना स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठव, मी सहीनिशी उत्तर देईन, असे सांगत आणि खरोखर देत. मे 2025 मध्ये ते गेले तेव्हा श्रद्धांजली वाहणाऱ्यांत आपणही असालच. त्या मुलीचा प्रश्न तीन शब्दांचा आहे. ती आता अकरावीला आहे, विज्ञान शाखेत, आणि अजून अधूनमधून दुकानात येते. उत्तर मला नको, तिला पाठवा, आणि शक्य तर मराठीत. आपल्याला सोयीचे जावे म्हणून जोडपोस्टकार्ड सोबत धाडत आहे, त्यावर शाळेचा पत्ता घातला आहे.

आपला,
एक मोटार रिवाइंडिंगवाला

ता. क. : तिच्या वडिलांची मोटार त्यानंतर माझ्या दुकानात आलेली नाही.