पाण्याकाठची फेरी

इंदापूर तालुक्यातील वरकुटे बुद्रुक आणि वरकुटे खुर्द या गावांना ही फारसी विशेषणे ज्या सरकारी दप्तराने चिकटवली, त्याच दप्तराने इथल्या माळाला ‘पडीक’ आणि ‘पोटखराब’ म्हटले; आणि एकदा असे नाव लागले, की जमिनीकडे पाहण्याची माणसाची दृष्टीही तशीच होते, हे मला या माळावरून पायी हिंडताना फार जाणवले आहे.

कार्तिकाच्या अखेरीस सकाळी निघावे, उत्तरेला भीमेच्या फुगवट्यापर्यंत उतरावे, काठच्या बाभळींच्या विरळ सावलीतून तासभर चालावे आणि मग माळावर चढून पाणंदीने गावात परतावे, एवढीच ही फेरी. म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही झेपेल अशी. पाण्यावर हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब उतरलेले असतात. माळावर मात्र खाली वाकून पाहावे लागते. धोतराला टोचून बसलेले कुसळ काढून तळहातावर ठेवावे आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. त्याची पीळदार शेपटी उलगडत हळूहळू फिरू लागते, आणि याच फिरण्याच्या बळावर ते बी पहिल्या पावसात स्वतःला जमिनीत रुजवून घेते. असल्या भूमीला पडीक म्हणण्यास माझे मन धजत नाही.

अडचण वाटेची आहे. उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले, आणि भीमेचे जुने काठ, मळे, घाट यांच्याबरोबर शतकांच्या पाऊलवाटाही बुडाल्या; पळसदेवचे पुरातन देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर वर येते, पण त्या वाटा पुन्हा पायांखाली आल्या नाहीत. नवा काठ तर ठिकाणावर राहतच नाही. पाणी हटले की गाळपेर होते, आणि कालची वाट आज कोणाच्या तरी पिकात जाते. शेतकऱ्याला बांधावरून जाण्यायेण्याचा हक्क महसूल अधिनियम 1966 च्या कलम 143 ने दिला आहे, अडवलेली वहिवाट मोकळी करून देण्यास मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 पासून आहे. पण ज्याचे तिथे शेत नाही, ज्याला केवळ चालायचे आहे, त्याचा हक्क कुठल्याच दप्तरात नाही.

म्हणून माझे मागणे एवढेच, की पूर्ण भरलेल्या पाण्याच्या रेषेच्या वर, संपादित जमिनीतून, जलसंपदा खाते, तहसील आणि ग्रामपंचायत यांनी मिळून चार हात रुंदीची एक पायवाट मोजून गावनकाशावर चढवावी. तिच्यावर फरश्या नकोत, दिवे नकोत. आणि माळावर झाडे लावण्याचा उत्साहही नको, कारण चंडोलाला आणि खोकडाला झाडी नव्हे, मोकळे गवतच हवे असते. पिकांतून माणसे हिंडतील ही शेतकऱ्याची भीती रास्त आहे, आणि तिला वाट आखून देणे हेच उत्तर आहे. त्र्यंबकेश्वरी श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी घालणाऱ्या, आणि याच तालुक्यात बेलवाडीच्या रिंगणाभोवती आषाढात दाटीने उभ्या राहणाऱ्या आपल्या लोकांना वाटेची शिस्त शिकवावी लागत नाही.

मोजणी चैत्रात व्हावी. तेव्हा पाणी खाली गेलेले असते, आणि पूर्ण पातळीची खूण काठावरच्या बाभळींच्या बुंध्यांवर उघड दिसते.