संग्रहालय काढायचंय? जागा नंतर बघा

गेल्या महिन्यात आपल्या सिन्नरमधली चार-पाच पोरं दुकानात आली. "दादा, गावाच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय काढायचंय. सगळे फुकट काम करणार, फक्त जागा बघून द्या." मी म्हटलं, जागा सोडा, वही केलीय का? हसली. पण मी सिरियसली विचारत होतो.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही शाळेच्या सहलीत बघितलं असेल. दिनकर केळकर कोण होते? चष्म्याचे दुकानदार! १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला लागले. अडकित्ते, दिवे, भांडी, कोरीव दरवाजे. सोबतीला पत्नी कमलाबाई. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं. १९६० पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास वस्तू झाल्या. पण मला त्यांचा १९७५ चा निर्णय सगळ्यात मोठा वाटतो. हयातीतच त्यांनी संग्रह राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. १९९० ला ते गेले, संग्रहालय चालूच राहिलं. "माझ्यानंतर कोण?" हा प्रश्न आपण दुकानाबाबतसुद्धा टाळतो, खरं ना?

आपल्या माळेगाव एमआयडीसीतलं 'गारगोटी' घ्या. नौदलात काम केलेल्या के. सी. पांडे यांनी उभं केलं. विहिरी, खाणी खोदताना काळ्या पाषाणाच्या पोकळीत निघणारे स्फटिक आज लोक तिकीट काढून बघतात.

दगड टिकतात हो. सिन्नरच्या विडीचं काय? विडी वळणाऱ्या आजीचं सूप, कात्री, पान कापायचा पत्रा. आजी आहे तोवर तिला विचारता येतं, दिवसाला किती विड्या व्हायच्या, मजुरी काय मिळायची. नंतर ते नुसतं जुनं सूप. आमच्या आजोबांचा पितळी तराजू दुकानाचं रिनोव्हेशन करताना मीच भंगारात किलोवर दिला. तो कुठून आणला होता, हे घरात आता कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून आधी स्टॉक रजिस्टर. वस्तू कोणाची, कुठली, कशाला वापरायची, दिली की फक्त ठेवायला दिली. शेवटचा रकाना विसरलात तर भांडणं ठरलेली. आणि "सगळे काम करणार" म्हणजे रविवारी कुलूप कोण उघडणार, ते नावानिशी लिहा. दहा रुपये तिकीट ठेवायला लाजू नका, लाइट बिल फुकट येत नाही.

पोरांना दोनशे पानी रजिस्टर दिलं. पैसे घेतले, अर्थात.