विनिमय की सहल?

आंतरराष्ट्रीय शालेय विद्यार्थी-विनिमयाचे समर्थन ज्या भाषेत केले जाते, तिच्याविषयीच आमची पहिली तक्रार आहे. ‘जागतिक नागरिकत्व’, ‘सर्वसमावेशकता’, ‘सहिष्णुतेचा संस्कार’ हे शब्द शाळांच्या माहितीपुस्तिकांत इतक्या उदार हस्ते पेरलेले असतात, की पंधरा दिवस परदेशी राहिलेले मूल नागरिक होऊनच परतते असे वाचकाला वाटावे. प्रवासाने माणूस बहुश्रुत होतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु विनिमयातून नागरिकत्वाचे शिक्षण होत असेल, तर ते जाणाऱ्यापेक्षा परक्याला घरात घेणाऱ्याचे अधिक होते. म्हणून ‘विमानात कोण बसले’ याहून ‘यजमान म्हणून कोणाचे घर चालले’ हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. तो सहसा विचारला जात नाही.

या कल्पनेचे सर्वांत भक्कम उदाहरण फ्रान्स आणि जर्मनी यांचे. १८७० ते १९४५ या पाऊण शतकात हे दोन देश तीनदा एकमेकांशी लढले. २२ जानेवारी १९६३ रोजी द गॉल आणि आडेनाउअर यांनी एलिझे करारावर सह्या केल्या, आणि त्याच वर्षी दोन्ही सरकारांच्या समसमान खर्चाने संयुक्त युवक-कार्यालय स्थापन झाले. परस्परांची भाषा शिकणाऱ्यांची संख्या वाढविण्याचे कलमही करारात होते. तेव्हापासून लक्षावधी मुलेमुली एकमेकांच्या देशांत जाऊन राहिली. आरंभीच्या वर्षांत पाहुण्या मुलासाठी पान मांडणाऱ्या कितीतरी घरांत युद्धात गेलेल्यांच्या आठवणी ताज्या असणार. नागरिकशास्त्राचा धडा त्या पानाभोवती घडला. करारास चाळीस वर्षे झाली तेव्हा, २००३ मध्ये, बर्लिन येथे भरलेल्या उभय देशांच्या युवा संसदेने दोन्ही देशांसाठी इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक असावे अशी मागणी केली, आणि २००६ मध्ये त्याचा पहिला खंड दोन्ही भाषांत निघाला. विनिमयाने नागरिक घडतात असे म्हणावयाचे, तर पुरावा या तोलाचा हवा: दुसऱ्या बाजूला ओळखू लागलेल्या मुलांनी आपल्याच देशाच्या इतिहासकथनाला प्रश्न विचारावेत.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने पूर्वग्रहाच्या स्वरूपावरील आपल्या १९५४ च्या ग्रंथात हे बजावून ठेवले आहे. नुसत्या संपर्काने पूर्वग्रह ओसरत नाहीत. भेटणाऱ्यांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामाईक हवे, परस्पर सहकार्य हवे आणि संस्थेचे पाठबळ हवे. यांपैकी समान दर्जाची अट सर्वांत आधी मोडते.

युरोपातही ती आपोआप पाळली गेली नाही. स्थलांतरित कुटुंबातील मूल त्याच वर्गात, त्याच बाकावर बसत असले, तरी पारपत्र निराळे असल्यामुळे वर्ग शेजारच्या देशात निघाला की त्याला व्हिसाची अडचण येऊ शके. १९९४ मध्ये युरोपीय संघाने यावर साधा तोडगा काढला. शिक्षकासोबत जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शाळेने केलेल्या यादीत त्या मुलाचे नाव असले, की त्याला व्हिसाची गरज उरली नाही. समावेशकतेवरील कित्येक भाषणांपेक्षा आम्हांस ही यादी मोलाची वाटते. पुढच्याच वर्षी संघाने आपल्या शालेय सहकार्य योजनेला कोमेनियसचे नाव दिले. सतराव्या शतकातील हा थोर शिक्षक धर्मकलहामुळे मायभूमीला मुकला आणि निर्वासित म्हणूनच ॲमस्टरडॅममध्ये वारला. त्याच्या नावाच्या योजनेत निर्वासिताचे मूल सीमेवर अडते, तर ती त्याची विटंबनाच ठरली असती.

उलट उदाहरण ब्रिटनचे. २०२० च्या अखेरीस तो देश युरोपच्या ‘इरास्मस प्लस’ योजनेतून बाहेर पडला आणि त्याने २०२१ पासून ‘ट्यूरिंग’ योजना आणली. तीत स्वदेशी विद्यार्थ्यांना बाहेर जाण्यासाठी पैसा होता. परदेशी विद्यार्थ्यांना येण्यासाठी नव्हता. आमची मुले तुमच्याकडे येतील, तुमच्यांचे तुम्ही पाहा, असा हा व्यवहार. याला विनिमय म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. २०२७ पासून मूळ योजनेत परतण्याचे ब्रिटनने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले, ते बरेच झाले.

आता आमच्या दाराशी येऊ. आमच्या एका विद्यार्थिनीची धाकटी बहीण शहरातील एका शाळेत जर्मन शिकत होती आणि त्या विषयात वर्गात पहिली होती. परदेशी पाहुण्यांसाठी यजमान कुटुंबांचा अर्ज घरोघर गेला. त्यात विचारले होते: पाहुण्यासाठी स्वतंत्र खोली आहे काय? पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय? वातानुकूलन? चारचाकी? घरात इंग्रजी बोलणारे कोणी? चाळीतल्या दोन खोल्यांतून तो अर्ज कोराच परत गेला. जे यजमान नव्हते, त्यांच्या मुलांना परतभेटीच्या यादीतही जागा नव्हती. पाहुणे आले, बंगल्यांत राहिले, आणि एका संध्याकाळी त्यांना ‘गरीब मुलांना’ वह्या वाटण्यासाठी एका वस्तीत नेण्यात आले. ज्या घरांत ती मुले जेवू शकली असती, तशाच घरांना वह्या देऊन ती परतली. समानतेचा हा कोणता धडा?

महाराष्ट्राला तरी हे कळावयास हवे होते. भारतातील भाषा आणि प्रांत यांनी एकमेकांना ओळखावे, म्हणून ‘आंतरभारती’चे स्वप्न पाहणाऱ्या साने गुरुजींनीच १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. दूरच्याशी मैत्री आणि शेजाऱ्यासाठी उघडे दार यांची त्यांनी फारकत केली नाही. आमच्या शाळा ती बिनदिक्कत करतात.

यावर सुरक्षिततेचा मुद्दा निघेल. मूल परक्या घरी राहणार, तर त्या घराची चौकशी झालीच पाहिजे, याबद्दल आमचा वाद नाही. परंतु कमोड आणि चारचाकी ही सुरक्षिततेची प्रमाणपत्रे कधीपासून झाली? जागेची अडचण खरी असेल, तर दोन कुटुंबांनी मिळून यजमान व्हावे. रात्र एका घरी, जेवण आणि दिवस दुसऱ्या घरी. परतभेटीची यादी यजमानपणापासून तोडावी आणि काही जागांचा खर्च शाळेने उचलावा. पाहुण्याने आधी थोडी मराठी शिकावी, आणि दोन्हीकडच्या मुलांनी मिळून एकमेकांच्या भाषेतील एखाद्या कथेचा अनुवाद करावा. सामाईक काम म्हणतात ते हेच.

अशा प्रसंगी स्वागताचे भाषण लिहून देण्याचे काम बहुधा भाषेच्या शिक्षकाकडे येते. ‘अतिथी देवो भव’ लिहून आपण मोकळे होतो. यापुढे तसे करू नये, अशी आमची व्यवसायबंधूंना आणि भगिनींना विनंती आहे. लेखणी उचलण्यापूर्वी यजमान कुटुंबांचा अर्ज मागून घ्यावा, तो नीट वाचावा, आणि वर्गातील किती घरे त्यात बसत नाहीत ते मोजावे. भाषण मग लिहावे.