एमसीबी तारेसाठी, माणसासाठी काय?

पावसाळा लागला की अंधेरीपासून मुलुंडपर्यंत इलेक्ट्रिशियनकडे एक ठरलेली तक्रार येते : ‘मेन स्विच सारखा पडतोय.’ पडतो तो बहुतेकदा आरसीसीबी, म्हणजे बोलीभाषेतला ईएलसीबी. त्यावरचा उपायही ठरलेला आहे. तो बायपास करून टाकायचा. दिवे लागतात, पंखा फिरतो, तक्रार मिटते. ताप दाखवतो म्हणून थर्मामीटर फोडावा, तसाच हा प्रकार.

यात धोका किती, हे कळायला नववीच्या विज्ञानातला ओहमचा नियम पुरतो. विभवांतराला रोधाने भागले की विद्युतधारा मिळते. आपल्या घरात विभवांतर २३० व्होल्ट. कोरड्या, जाड कातडीच्या हाताचा रोध १ लाख ओहमपर्यंत असू शकतो. तेव्हा शरीरातून जातात जेमतेम २.३ मिलीअँपिअर, झिणझिण्या येतात, आपण हात झटकतो. ‘मला तर कितीदा शॉक बसलाय, काही होत नाही,’ असे सांगणारे याच गणितावर वाचलेले असतात. पण न्हाणीघरात, अनवाणी, ओल्या अंगाने उभे असताना हाच रोध हजार ओहमच्या आसपास येतो. आता धारा होते २३० मिलीअँपिअर. व्होल्ट तेच, माणूस तोच, धारा मात्र शंभरपट.

शरीराची सहनशक्ती फार थोडी आहे. साधारण १ मिलीअँपिअरला मुंग्या येतात. १० ते १५ ला हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. त्यापुढे श्वासाचे स्नायू जखडतात. ५० ते १०० मिलीअँपिअर छातीतून गेले, तर हृदयाचे ठोके बंद पडून ते नुसते थरथरू लागते. मग हातात मिनिटेच उरतात.

आता पेटीतला एमसीबी पाहा. त्यावर १६ किंवा ३२ अँपिअर लिहिलेले असते. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलीअँपिअर. माणसाला मारणारी २३० मिलीअँपिअरची धारा त्याच्या लेखी एखाद्या ५० वॅटच्या पंख्याएवढी. तो पडणारच नाही आणि त्यात त्याचा दोषही नाही. तो तारेला जळण्यापासून वाचवायला बसवलेला आहे. आरसीसीबीचे काम वेगळे. फेजमधून गेलेली धारा न्यूट्रलमधून पूर्ण परत येते का, एवढेच तो पाहतो. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठेतरी वीज जमिनीकडे निसटतेय, की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्याला तो वाचवू शकत नाही, आणि अर्थिंगचीही जागा घेत नाही. तरी ओल्या घरातला बराचसा धोका तो टाळतो. पावसात तो वारंवार पडत असेल, तर ओल शिरलेला जोड किंवा गळका गिझर शोधायला हवा.

दुसरे सूत्र शक्तीचे : व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो. ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डाची मर्यादा १३८० वॅट. त्यावर गिझर किंवा इस्त्रीसोबत मायक्रोवेव्ह लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. ढिल्या पिनेचा रोध फक्त १ ओहम असला, तरी ८.७ अँपिअरला तिथे ७५ वॅट उष्णता तयार होते; म्हणजे २५ वॅटच्या तीन सोल्डरिंग गनची, नखाएवढ्या जागेत.

हीच सूत्रे आपल्या लोकललाही लागू आहेत. १९२५ मध्ये मुंबईत विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्टवर. २०१६ पर्यंत उपनगरी मार्ग टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टवर आले. तेवढ्याच शक्तीला आता सुमारे १७ पट कमी धारा लागते, म्हणून तारांमधली हानी घटते. पण हजार ओहमच्या शरीराला हा हिशेब २५ अँपिअर आणि सव्वासहा लाख वॅटवर नेतो; तीनशे गिझर एकदम. उभ्या डब्याच्या टपावर सेल्फीसाठी चढणाऱ्याने तारेला हात लावायचीही गरज नसते. जवळ गेले तरी वीज हवेतून झेप घेते. आतून भाजलेले स्नायू विरघळून मूत्रपिंडे बंद पडतात, लघवी चहासारखी होते. वाचलेल्यांपैकी अनेकांचा हात किंवा पाय कापावा लागतो.

तीस वर्षांवरील इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट मुंबईत बंधनकारक आहे. वायरिंगचे वय मात्र सभेत कोणी विचारत नाही. रंगकामाला लाखो रुपये मंजूर होतात, आरसीसीबीच्या काही हजारांवर घासाघीस होते. सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेत हा एक विषय घ्या : प्रत्येक घरात, जिन्यात आणि पंपावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, आणि बायपास करण्यास सक्त मनाई. गणपतीच्या मंडपालाही तोच नियम लावा. त्यावरचे ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबा; स्विच पडला नाही, तर तो बदलायची वेळ झाली.

आणि कोणाला शॉक बसलाच, तर आधी मेन बंद करा, मगच हात लावा. श्वास नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. उठून बसलेल्या माणसाचाही ईसीजी काढून घ्या.