कायदा आहे, राबवा

संपादक महाशय,

‘मनोरुग्णांना आवरायला कायदाच नाही’ हे आपल्या लेखातील विधान साफ चूक आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 89 नुसार, स्वतःला वा इतरांना इजा करू पाहणाऱ्या रुग्णाला तज्ज्ञांच्या तपासणीनंतर संमतीविनाही 30 दिवसांपर्यंत दाखल करता येते. कलम 100 पोलिसांवरही जबाबदारी टाकते.

हिंसेचे खापर आजारावर फोडणेही अन्यायाचे आहे. बहुतेक हिंसाचार मनोरुग्ण करत नाहीत. दारू, नशा, लहानपणी सोसलेली मारहाण यांचा वाटा मोठा. उलट मनोरुग्णच बळी ठरतात. 2001 मध्ये तमिळनाडूतील एरवाडीत मनोरुग्णांच्या निवासाला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी जखडलेल्या 28 रुग्णांना पळताही आले नाही.

नवा कायदा नको. आहे तो राबवा आणि तालुक्याच्या रुग्णालयात मानसिक आजारांवरच्या गोळ्या खंड न पडता मिळू द्या.

— एक वाचक, सातारा