तोटीपासून तांब्यापर्यंत

ज्या गावात नळाला दाब नाही, तिथं दारोदार एक खड्डा दिसतो. पाणी चार कळशा जास्त यावं म्हणून नळ जमिनीखाली घेतलेला असतो. त्याला तोटी नसते, पाइपाचं नुसतं उघडं तोंड. खड्ड्यात शेवाळ, सांडपाणी, कोंबड्यांची घाण. पाणी आलं की त्यातच कळशी टेकवून भरायची. पाणी गेल्यावर काय होतं ते मात्र कुणी बघायला थांबत नाही. उताराकडचं पाणी निघून गेलं की पाइपात पोकळी तयार होते आणि ती पोकळी खड्ड्यातली घाण आत ओढून घेते. पुढच्या खेपेला तीच घाण सगळ्या आळीच्या हंड्यांत जाते. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेलं होतं, पाणी तिथून चांगलंच निघालं होतं. ते बिघडलं आपल्या दारात.

म्हणून आधी तोटी बसवा आणि खड्डा बुजवा. पाणी शुद्ध करायच्या कुठल्याही यंत्रापेक्षा तोटी स्वस्त पडते. शहरातल्यांनी हसू नये. तिकडे खड्ड्याची जागा मोटरीनं घेतली आहे. थेट नळाला मोटर लावून पाणी खेचलं की जमिनीखालच्या फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचं पाणीही त्याच ओढीनं येतं. शेजाऱ्याचं पाणी पळवणं हा वेगळा गुन्हा, पण आधी स्वतःच्या पोराबाळांच्या पोटाचा विचार करा. आणि मोटर नसली तरी नळ आल्या आल्या पिण्याचं भरू नका. पहिली बादली मोरीला, धुण्याला किंवा झाडांना जाऊ द्या. पाणी नितळ दिसायला लागलं की मग पिण्याची भांडी लावा.

आता घरात या. माठ चकचकीत, वर झाकणी, झाकणीवर फुलपात्र. पाहुणा आला की फुलपात्र माठात बुडतं आणि त्याच्याबरोबर चार बोटंही. तीच बोटं मघाशी बाळाचं दुपटं बदलून आलेली असतात. कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांत 1980 च्या दशकात एक पाहणी झाली होती. ज्या घरांत कॉलऱ्याचा रुग्ण निघाला, त्यांपैकी काहींना साठवलेल्या पाण्यात टाकायला क्लोरीनचं औषध दिलं, काहींना अरुंद गळ्याची मातीची सुरई दिली आणि काहींना काहीच दिलं नाही. काहीच न दिलेल्या घरांत रुग्णाच्या सहवासातल्या शंभरांतल्या सतरा जणांना लागण झाली. सुरईवाल्या घरांत हे प्रमाण चारवर आलं. सुरईत कुठलंच औषध नव्हतं, फक्त तिच्या गळ्यातून हात आत जात नव्हता.

तेव्हा तोटीचं पिंप घ्या. नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं घ्या आणि ते खिळ्याला टांगा, माठाच्या झाकणीवर आडवं ठेवू नका. माठ जमिनीवर न ठेवता कट्ट्यावर ठेवा, लहान मुलाचा हात पोचणार नाही इतका उंच. माठाला साबण लावू नका, माती तो पिऊन घेते. काथ्यानं घासा, विसळा आणि उन्हात पालथा घाला.

पावसाळ्यात गढूळ पाणी आलं तर तुरटी फिरवा, पण तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. फडक्यानं गाळणंही तसंच. तरी गाळण्याच्या फडक्याचं मोल कमी लेखू नका. आपल्याकडचा नारू हटवण्यात त्याचा मोठा वाटा होता, कारण नारूचे जंत ज्या बारीक किड्यांच्या पोटात असतात ते किडे फडक्यात अडकतात. हगवणीचे आणि काविळीचे जंतू मात्र सहज पार होतात. म्हणून पाणी आधी निवळू द्या, गाळा आणि मग क्लोरीनचं औषध टाका. बाटलीवर किंवा पाकिटावर लिहिलंय तेवढंच, आणि अर्धा तास थांबून प्या. गढूळ पाण्यात औषध टाकलं तर ते गाळातच खर्ची पडतं.

उकळायचं तर खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. खरी चूक त्यानंतर होते. उकळलेलं पाणी न धुतलेल्या माठात ओततात. ते त्याच पातेल्यात झाकून निवू द्या.

नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो अशी तक्रार घेऊन लोक ग्रामपंचायतीत जातात. मी म्हणेन, वास अजिबात येत नसेल तेव्हा जा. जलसुरक्षकाला तुमच्या घरच्या नळाशी ओटी टेस्ट करायला सांगा. नळीतल्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन तुमच्यापर्यंत पोचतंय. रंग आला नाही तर टीसीएल टाकलंच नाही, कमी टाकलं किंवा पोत्याचं तोंड उघडं राहून त्यातला जोर गेला. टाकीजवळच्या पहिल्या घरी तपासून भागत नाही, शेवटच्या घरी तपासावं लागतं. गावाला पाण्याबद्दल लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालंय, हेही ग्रामसभेत विचारा.

आता यंत्रांबद्दल. विक्रेता घरी येतो, तुमच्या नळाच्या पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडतो आणि पाणी तांबूस, गढूळ होतं. बाई घाबरते. तो रंग सळीच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजतं. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून तिथं काही होत नाही. टीडीएस मीटरही क्षारच मोजतो, जंतू नाही. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळाचा टीडीएस उत्तम दिसू शकतो. मुंबई-पुण्यात धरणाचं पाणी मिळणाऱ्या घरांत टीडीएस मुळातच लिटरला 500 मिलिग्रॅमच्या बराच खाली असतो. तिथं आरओ लावून निम्म्याहून अधिक पाणी मोरीत सोडणं मला उधळपट्टी वाटते.

आणि विकतच्या पाण्याचा जार? जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि पाण्यावर संशय आला, तेव्हा तिथले अनेक खासगी आरओ प्रकल्प महापालिकेनं बंद केले. आरओमध्ये पाण्यातलं क्लोरीनही निघून जातं. मग ते पाणी नीट न धुतलेल्या जारमध्ये भरलं तर राखण करायला काहीच उरत नाही. थंडगार लागतं म्हणून ते शुद्ध ठरत नाही. जार सीलबंद आहे का, परवाना आहे का, विचारा.

खारपाणपट्ट्यातल्या अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या गावांची गोष्ट निराळी. तिथं बोअरचं पाणी मचूळ लागतं. यवतमाळ-चंद्रपूरकडे काही विहिरींत फ्लोराइड जास्त आहे. ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की दात आणि हाडं धरतात. असं पाणी उकळून उपयोग नाही, उलट आटल्यामुळे दोष दाटतो. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या आणि गरज निघाली तर तिथं आरओ जरूर लावा.

एक सवय मात्र सोडा. कालचं पाणी शिळं म्हणून सकाळी हंडेच्या हंडे ओतून देणं. झाकलेलं, हात न लागलेलं पाणी एका रात्रीत नासत नाही. उलट वापराच्या पाण्याची पिंपं आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा घासा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातही वाढतो आणि त्याची अंडी पाण्याच्या रेषेवर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत, घासावीच लागतात. मराठवाड्यात जिथं आठ-दहा दिवसांनी नळ येतो तिथं पिंप रिकामं करणं परवडणार नाही. तिथं जुन्या साडीचं दुहेरी फडकं पिंपाच्या तोंडावर ताणून दोरीनं घट्ट आवळा आणि पाणी काढून झाल्यावर पुन्हा बांधा.