अर्ज कोणाच्या सहीने, कोणाच्या दारात?

बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या प्रश्नावर निवेदनांचा तोटा कधीच नव्हता. मोर्चा जिल्हाधिकारी कचेरीवर जातो, शिष्टमंडळ आत जाते, प्रतीवर आवकेचा शिक्का उमटतो आणि कागद एका शाखेतून दुसऱ्या शाखेत फिरू लागतो. निवेदन स्वीकारणारा अधिकारी कितीही सज्जन असला तरी तोडणीचा दर, मुकादमाची उचल किंवा कारखान्याची जबाबदारी यांविषयीचे धोरण त्याच्या हाती नसते. ते जेथे ठरते त्या विधिमंडळाच्या दारात नागरिकाला थेट अर्ज नेता येतो. पण या वाटेचा विसर सत्ताधाऱ्यांप्रमाणे डाव्या चळवळीलाही पडला आहे.

ज्या ब्रिटिश पार्लमेंटकडून ही प्रथा आपल्याकडे आली, तेथे एकोणिसाव्या शतकात अर्ज हे मताधिकार नसलेल्यांचे प्रमुख हत्यार होते. सभासदाने अर्ज सादर केला की त्यावर तेथेच चर्चा होऊ शके. मजूर, विणकर, गुलामगिरीचे विरोधक अशा सर्वांचे अर्ज वाढू लागले, तसा सरकारी कामकाजाला वेळ पुरेना. मग छाननीसाठी समिती आली आणि १८४२ च्या सुमारास अर्ज सादर होताना चर्चा करण्याची वाट जवळजवळ बंद झाली. वेळ वाचवण्याच्या नावाखाली सभागृह आपल्या ताब्यात घेण्याची मंत्रिमंडळांची ही युक्ती मुंबई-दिल्लीच्या वाचकांस अपरिचित वाटू नये! गंमत अशी, की चर्चा बंद झाली तरी अर्ज थांबले नाहीत. १८४३ या एका वर्षात ते ३३ हजारांहून अधिक आले.

चार्टिस्ट कामगारांचा १८३९ चा अर्ज सुमारे पावणेतेरा लाख सह्यांचा, तर १८४२ चा ३३ लाखांचा होता. पहिल्याच्या मागण्यांचा विचार करण्यास सभागृहाने २३५ विरुद्ध ४६ मतांनी नकार दिला आणि दुसऱ्याच्या अर्जदारांचे म्हणणे ऐकण्यास २८७ विरुद्ध ४९ मतांनी. तरीही सहा मागण्यांपैकी उमेदवाराची मालमत्तेची अट १८५८ मध्ये गेली, गुप्त मतदान १८७२ मध्ये आले आणि सभासदांना वेतन १९११ मध्ये मिळाले. अर्ज फेटाळला गेला. पण गावोगाव सह्या जमवताना उभी राहिलेली संघटना फेटाळणे कोणाला शक्य नव्हते. १८४८ च्या तिसऱ्या अर्जाने मात्र चळवळीचे हसे झाले. ५७ लाख सह्यांचा दावा होता. मोजणीत त्या वीस लाखांच्याही आत भरल्या आणि त्यांत चक्क व्हिक्टोरिया राणीचे नाव निघाले. आकडा फुगवण्याचा मोह आवरता न येणाऱ्या आपल्याकडील संघटनांनीही हा प्रसंग विसरू नये.

महाराष्ट्राने हे हत्यार लवकरच उचलले. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनने त्याच वर्षी पार्लमेंटकडे अर्ज केला. १८७० च्या पुणे सार्वजनिक सभेने तर सभासद होणाऱ्यास किमान पन्नास जणांचे मुखत्यारपत्र आणण्याची अट घातली. दोन्ही संस्था प्रतिष्ठितांच्या होत्या, हे खरेच. गिरणी कामगारांचा आवाज १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी उठवला. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या त्या अर्जात रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्या होत्या. सुट्टी मिळण्यास जून १८९० उजाडला. मधली सहा वर्षे लोखंडे स्वस्थ बसले नाहीत, हे अधिक महत्त्वाचे आहे. बीडची रयत मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होती. तिच्यापुढे पार्लमेंट नव्हते, फक्त दरबार होता. म्हणूनच १९६७ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील आणि १९७७ मध्ये गंगाधरअप्पा बुरांडे यांना लोकसभेत पाठवणाऱ्या या जिल्ह्याने सभागृहाचे मोल कमी लेखू नये.

महाराष्ट्र विधानसभेत विनंती अर्ज समिती आहे. लोकसभेतही अशी समिती आहे. पण तेथे मराठी अर्जाला हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. या समित्या निष्प्रभ आहेत, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो निराधार नाही. परंतु निवेदनाला उत्तर न देणे अधिकाऱ्याला सोपे जाते. दाखल झालेला विनंती अर्ज मात्र सभागृहाच्या दप्तरात राहतो आणि त्यावर खात्याचे म्हणणे मागवता येते.

खरा प्रश्न सहीचा आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल पुरुषाच्या नावावर असते आणि हिशेबही त्याच्याशीच होतो; तितकेच राबणाऱ्या बाईचे नाव कोठेच नसते. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांतील १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती. ज्यांच्या शरीरावर हा व्यवसाय असा कोरला गेला, त्यांची स्वतंत्र सही किंवा अंगठा असलेला अर्ज विधानसभेपुढे गेला पाहिजे. इंग्लंडमधील स्त्रियांनी मत मिळण्याच्या कितीतरी आधी, १८६६ मध्ये, सुमारे दीड हजार सह्यांनी मताधिकार मागितला आणि जॉन स्टुअर्ट मिल यांनी तो अर्ज सभागृहात ठेवला होता.

नागपूरचे हिवाळी अधिवेशन आणि मुंबईचे अर्थसंकल्पी अधिवेशन ही दोन्ही गळीत हंगामात भरतात, म्हणजे नेमक्या त्या वेळी हा मतदार जिल्ह्यात नसतो. तेव्हा कार्यकर्त्यांनी सह्या गावात जमवायच्या नसून कारखान्यांच्या तळांवर, कोपीकोपीत जाऊन जमवायच्या आहेत. त्याही एका कोयत्यामागे एक नव्हे, दोन. टोळ्या परतल्यानंतर पावसाळी अधिवेशन येते. जिल्ह्यातील सहा आमदारांपैकी त्या अर्जावर प्रतिस्वाक्षरी करून तो सभागृहात सादर करण्यास कोण पुढे येतो, हे तेव्हा प्रत्येकाला जाहीरपणे विचारावे.